मदत हवी आहे: बी.एड.च्या मुलांना स्वतःच्या मोजमापावर विश्वास ठेवायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात बी.एड.ला विज्ञान अध्यापन पद्धती शिकवतो. मुलं बहुतेक खानापूर, निपाणी भागातली. पुढं कुणी मराठी शाळेत लागेल, कुणी कन्नड. मोबाइल, पीपीटी, सिम्युलेशन यात सगळी तरबेज आहेत. अडतं ते पुराव्यापाशी.

परवाचंच सांगतो. साधा दोलक, 50 सेंमी दोरा, मोबाइलचं स्टॉपवॉच, 20 दोलनांचा वेळ; लांबी आणि वेळ यांवरून गुरुत्व त्वरण काढायचं. एका गटाचं उत्तर 9.6 मी/से² आलं. वहीत लिहिलं 9.81! विचारलं तर म्हणाले, "सर, पुस्तकात तेच आहे, आमचंच कायतरी चुकलं असणार." काय चुकलं ते बघायला मात्र कुणी थांबलं नाही. लांबी त्यांनी गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजली होती, मध्यापर्यंत नाही. 50 सेंटिमीटरला एक सेंटिमीटर कमी धरला की दोन टक्के फरक पडतो, म्हणजे 9.6 यायलाच हवं होतं. त्यात बेळगावच्या अक्षांशाला खरी किंमतच 9.78 च्या आसपास आहे. मला वाईट वाटलं ते याचं, की उद्या हीच मुलं वर्गात पोरांना आकडे जुळवायला शिकवतील.

पिसा या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2015 च्या आराखड्यात वैज्ञानिक साक्षरतेची तीन अंगं आहेत: घटनेचं शास्त्रीय स्पष्टीकरण देणं, शोधाची आखणी करणं व ती तपासणं, आणि माहितीचा व पुराव्याचा शास्त्रीय अर्थ लावणं. आमची गाडी पहिल्यावरच थांबते.

एक गोष्ट थोडी लागू पडली. फेट (PhET) या मोफत सिम्युलेशनच्या संग्रहातल्या दोलकामध्ये पृथ्वी, चंद्र, गुरू यांच्याबरोबर 'प्लॅनेट एक्स' असतो. त्याचं गुरुत्व कुठल्याच पुस्तकात नाही. तिथं मुलं पहिल्यांदा भांडली: तुझी लांबी किती, दोलनं किती मोजलीस, पहिला झोका धरलास का? पण परत खऱ्या दोऱ्यावर आलो की पुन्हा 9.81.

फोनच्या सेन्सरनं मोजमाप करणारं फायफॉक्स (phyphox) हे ॲपही वापरून पाहिलं. त्यातल्या दोलकाच्या प्रयोगाला जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) लागतो आणि स्वस्त फोनमध्ये तो नसतो. आवाजावर चालणारं स्टॉपवॉच मात्र चालतं, त्याला माइक पुरतो. कणकुंबी, जांबोटीकडच्या शाळांत नेटचा भरवसा नाही, त्यामुळे ऑफलाइन चालेल असंच सुचवा.

आता नेमकं विचारतो. उत्तर आधी माहीत नसलेले असे आणखी कुठले प्रयोग तुम्ही फोनवर घेता? आणि मुख्य म्हणजे गुण कसे देता? आमच्याकडं 'बरोबर किंमत' आली की गुण मिळतात, मग मुलं ती आणतातच. किमतीऐवजी चूक कुठं झाली याचा शोध, पुन्हा घेतलेली वाचनं, खाडाखोड न करता लिहिलेली नोंद यांना गुण देणारा तक्ता कुणी वापरत असेल तर इथं टाकाल का? सराव पाठ सुरू व्हायच्या आत मिळाला तर याच तुकडीला लावता येईल.