चार-पाच घरं मिळून राहायचं, तर जागा कुठली निवडलीत? अनुभव सांगा

आम्ही पाच कुटुंबं, सगळ्यांची पोरं सहाच्या आतली. घरं वेगळी, पण मोठं स्वयंपाकघर आणि अंगण सामाईक, असं ठरतंय. डेन्मार्कमध्ये १९७२ साली अशी वसाहत उभी राहिली, ती कल्पना मनात बसली आहे. आमचा डोळा बेळगावजवळच्या खानापूरकडच्या जमिनीवर आहे. सासरे म्हणतात, शहरातली टिळकवाडी सोडू नका. जे सोसलंय ते मोकळेपणानं लिहा.

वडगावहून:
आम्ही तिघांनी मिळून नाल्याजवळची जागा एप्रिलमध्ये बघितली. कोरडी ठणठणीत. २०१९च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी घरात आलं, मी दोन वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन शेजारच्या माडीवर चढले. पाणी ओसरल्यावर मागची भिंत धुताना रंगाचा पोपडा निघाला आणि खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर जुन्या चिखलाची रेघ दिसली. विकणाऱ्यानं वरून रंग मारला होता. पलीकडच्या आजींना आधी विचारलं असतं, तर त्यांनी बोट दाखवून सांगितलं असतं. म्हणून सांगते, जागा जुलैत बघा, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला.

खानापूरहून:
हवा, झाडं, शांतता, सगळं खरं. पण जमिनीचा उतारा कन्नडमध्ये होता, आम्ही तो जाणत्याकडून पुरता वाचून घेतला नाही. जमीन बिगरशेती झालेलीच नव्हती. दोन वर्षं पैसे अडकले, त्यात एक कुटुंब बाहेर पडलं. ते गेल्याचं दुःख अजून आहे.

अनगोळहून:
आमच्यात एक कन्नड कुटुंब आहे. आमची मुलगी मराठी शाळेत जाते, घरात मराठीच. तरी संध्याकाळी त्यांच्या, समोरच्या पोरीला "बा, ऊट माडोण" (ये, जेवूया) म्हणून हाक मारते, आणि ती आमच्याकडे येऊन आमटीभात मागते. शाळेत कन्नडचा तास आता तिला जड जात नाही. शेजार निवडताना आम्ही हे धरलं नव्हतं, पण आज तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

हिंडलग्याहून:
जमीन घेण्याआधी महिनाभर कुणा एकाच्या घरी रोज एकत्र जेवा. आमचं फाटलं ते रात्रीच्या पातेल्यांवरून, घासायला नेहमी त्याच दोघी.

धागा काढणारी:
वडगावच्या ताई, तुमचं लिहिणं सासऱ्यांना वाचून दाखवलं. या रविवारचं खानापूर रद्द केलं. आता जुलैत, चांगला पाऊस लागला की जाऊ, सासऱ्यांनाही घेऊन. उतारा वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर सांगा.