दहापर्यंत म्हणतो, पण ‘चार दे’ म्हटलं की मूठभर देतो

बालवाडीतला कर्णबधिर मुलगा, वय साडेचार. श्रवणयंत्र तिसऱ्या वर्षी लागलं, घरी सांकेतिक भाषा नाही. दहापर्यंत आकडे म्हणतो. चार बटणं मागितली की मूठभर देतो. मोजणीचा सराव वाढवू का?

प्रतिसाद १
मोजणीचा नको, भाषेचा वाढवा. त्याच्या लेखी हे आकडे म्हणजे सध्या बडबडगीत. तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता नजरेत भरतात. चारपासून नेमकेपणासाठी शब्द किंवा सांकेतिक भाषेतली खूण लागते. निकाराग्वात केवळ घरगुती हातवाऱ्यांवर वाढलेल्या कर्णबधिर प्रौढांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. ही माणसं कमावती, पैसे हाताळणारी. तरी तीनच्या पुढे त्यांची नेमकी संख्या चुके. उलट, कर्णबधिर आईवडिलांकडून जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेली मुलं मोजायला वेळेवर शिकतात. अडचण कानाची नाही, भाषा उशिरा मिळाल्याची आहे.

प्रतिसाद २
आधी तो कुठवर आलाय ते बघा. पंधरा बटणं आणि एक बशी घ्या. ‘एक ठेव’, मग ‘दोन’. जमलं तर एकाने वाढवा, चुकलं तर एकाने उतरा. तीनपैकी दोनदा बरोबर आली तर ती संख्या त्याला येते. मागताना बोटं दाखवलीत तर लगेच हात खाली घ्या. नाहीतर एकेका बोटासाठी एकेक बटण ठेवून तो बरोबर उत्तर देईल आणि ‘चार’ कळलेलं नसेलच.

शिकवताना बहुतेकांची चूक एकच: मूल बटणांकडे बघत असताना खूण करणं. ती त्याला दिसतच नाही! बटणं दाखवा, नजर वर येईपर्यंत थांबा, मग खूण करा. किंवा खूण बटणांच्या शेजारीच करा. मोजून झाल्यावर सगळ्यांभोवती हात फिरवून पुन्हा ‘चार बटणं’.

प्रतिसाद ३
नुसत्या ओठांवर विसंबू नका. पासष्ट आणि बासष्ट ओठांवर सारखेच दिसतात, कारण प आणि ब दोन्हीला ओठ तसेच मिटतात. सोबत खूण किंवा लिहिलेला आकडा हवाच. अंकांच्या खुणा प्रांतागणिक बदलतात, तेव्हा घरी आणि बालवाडीत एकच संच ठरवा.

प्रश्नकर्ती
खुणा शिकला तर बोलायचा नाही, अशी घरच्यांना भीती आहे.

प्रतिसाद १
खुणांमुळे बोलणं थांबत नाही. यंत्र आणि वाचा-उपचार चालूच ठेवा. पण बोलणं येईपर्यंत खुणा थांबवल्या तर ही वर्षं भाषेविना जातील. जेवताना ‘अजून दोन पोळ्या?’ एवढं तरी आजपासून खुणेने विचारायला सांगा.