विश्वातील सजीवांविषयी लिहिताना : ‘जीवन’, ‘जीवसृष्टी’, ‘परग्रहवासी’ आणि ‘शक्यता’

प्रश्न : माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर

आमच्या शाळेतील नववीच्या मुलींनी विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी ‘पृथ्वीबाहेर सजीव आहेत का?’ हा विषय निवडला आहे. त्यांनी जमवलेली कात्रणे तपासताना असे दिसले की ‘जीव’, ‘जीवन’, ‘जीवसृष्टी’ आणि ‘परग्रहवासी’ हे शब्द एकाच मजकुरात एकमेकांच्या जागी येतात. मूळ शोध एखाद्या वायूचा असतो, मथळ्यापर्यंत येताना त्याची जीवसृष्टी झालेली असते. मुलींचे लेखन शुद्ध असावे एवढीच माझी इच्छा नाही, तर त्यांनी वापरलेला शब्द शास्त्रज्ञांना जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणारा असावा, असे मला वाटते. या शब्दांत भेद कसा करावा? ‘वसतियोग्य पट्टा’ हा शब्द योग्य आहे का? आणि ‘शक्यता आहे’ याचा अर्थ नेमका किती धरावा?

उत्तर : निवृत्त मराठी प्राध्यापक, राजारामपुरी

मॅडम, आपण विचारलेल्या शब्दांपैकी ‘जीवसृष्टी’ हा सर्वांत मोठा शब्द आहे आणि तोच सर्वांत सैलपणे वापरला जातो. सृष्टी म्हटली की अनेकता येते, परस्परावलंबन येते, गवत येते, ते खाणारा प्राणी येतो आणि दोघांनाही अखेर मातीत मिसळवणारी बुरशी येते. दाजीपूरच्या जंगलात गव्यापासून शेवाळापर्यंत जे काही नांदते, ती जीवसृष्टी. मंगळाच्या खडकात उद्या एकाच प्रकारच्या जिवाणूंचा निर्विवाद माग लागला, तर तो मानवाच्या इतिहासातील अत्यंत मोठा शोध ठरेल, परंतु तेव्हाही ‘मंगळावर जीवसृष्टी सापडली’ असे लिहिणे चूकच असेल. ‘सूक्ष्मजीव सापडले’ एवढेच खरे असेल.

‘जीवन’ या शब्दाची अडचण निराळी आहे. रोजच्या मराठीत त्याचा पहिला अर्थ आयुष्य, म्हणजे जन्मापासून मृत्यूपर्यंतचा काळ, असा होतो; आणि संस्कृतातून आलेला त्याचा दुसरा अर्थ पाणी असा आहे, ज्या अर्थाने आपल्या राज्यात पाणीपुरवठ्याच्या योजना पाहणाऱ्या संस्थेचे नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे. आता गुरूच्या युरोपा या चंद्राचा विचार करा. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली खारट पाण्याचा महासागर असल्याचे भक्कम पुरावे आहेत आणि त्यातील पाणी पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या एकत्रित पाण्याहून अधिक असावे, असा अंदाज आहे. शनीच्या एन्सेलेडस या चंद्रावरून उडणारे पाण्याचे फवारे कॅसिनी यानाने २००५ मध्ये पाहिले आणि त्याच यानाने जमवलेल्या माहितीतून त्या पाण्यात सजीवांना लागणारे फॉस्फेट असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. या दोन्ही ठिकाणी पाणी आहे, सजीव आहेत की नाहीत हे मात्र कोणालाही ठाऊक नाही. विज्ञानाच्या लेखनात ‘तेथे जीवन आहे’ हे वाक्य म्हणूनच टाळावे आणि ‘पाणी’ व ‘सजीव’ हे दोन स्वतंत्र शब्द ठेवावेत. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचेल. ते सजीव शोधण्यासाठी गेलेले नाही, सजीवांना मानवेल अशी परिस्थिती तेथे आहे का हे तपासण्यासाठी गेले आहे, हा भेदही मुलींच्या लक्षात आणून द्यावा.

‘परग्रहवासी’ या शब्दातील ‘वासी’ व्यक्तिवाचक आहे. रहिवासी, वनवासी, आणि आपल्या गावात तर करवीरनिवासिनी हे शब्द पाहिले की तो प्रत्यय जाणिवेने राहणाऱ्याला लागतो हे कळते. जिवाणूला आपण कोठला रहिवासी म्हणत नाही. तो शब्द मी दूर सारणार नाही, कारण एक शोध खरोखरच त्याच अर्थाचा आहे : दूरच्या एखाद्या प्रगत समाजाचे रेडिओ संदेश ऐकण्याचा. त्या कामाविषयी लिहिताना ‘परग्रहवासी’ लिहावे, ग्रहाच्या वातावरणातील वायूविषयी लिहिताना लिहू नये.

जुळणारा शब्द निवडल्याने लेखन कसे नेमके होते याचे उदाहरण आपल्या गावाशी जोडलेले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. पृथ्वीवरील जीवनाची बीजे अंतराळातून आली असतील का, या प्रश्नात त्यांना आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांना रस होता. नारळीकरांच्या प्रयोगात २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. त्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे इस्रोने २००९ मध्ये जाहीर केले आणि त्यांतील एकीला हॉईल यांच्या स्मरणार्थ जॅनिबॅक्टर हॉयली हे नाव मिळाले. मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले, असे या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. अतिनील किरणांच्या माऱ्यात एवढ्या उंचीवर मिळालेले ‘सूक्ष्मजीव’ असे त्यांचे वर्णन करावे. त्यापुढे नेणारा कोणताही शब्द त्या प्रयोगाच्या मर्यादेबाहेर जातो. ज्यांना त्या कल्पनेविषयी मनापासून आस्था होती त्यांच्याच प्रयोगाचा निष्कर्ष एवढ्या संयमाने मांडला गेला, याचा मला कोल्हापूरकर म्हणून अभिमान वाटतो.

उत्तर : अभियंता, कागल

‘वसतियोग्य पट्टा’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. आमच्याकडे वस्ती म्हणजे शेतात बांधलेली चार घरे, किंवा मुक्काम. रात्री गावात थांबणाऱ्या एसटीला वस्तीची गाडी म्हणतात. साहजिकच हा शब्द वाचणाऱ्याला वाटते की तेथे माणसाने जाऊन राहण्याची सोय आहे. शास्त्रात त्या पट्ट्याचा अर्थ फक्त एवढाच आहे की ताऱ्यापासून त्या अंतरावर असलेल्या ग्रहाला योग्य वातावरण असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. आपला चंद्र सूर्यापासून जवळपास पृथ्वीएवढ्याच अंतरावर, त्याच पट्ट्यात आहे, आणि तो ओसाड आहे. उलट वर सांगितलेला युरोपा त्या पट्ट्याच्या पुष्कळ बाहेर असूनही त्याच्या पोटात महासागर आहे, कारण गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा अंतर्भाग सतत ताणला जातो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. मी ‘द्रवजल पट्टा’ हा शब्द सुचवतो. तो बोजड आहे, पण खोटी आशा दाखवत नाही.

‘बाह्यग्रह’ या शब्दाविषयीही सावध राहावे. शाळेत मुले गुरू ते नेपच्यून यांना बहिर्ग्रह म्हणून शिकतात. त्यामुळे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाला बाह्यग्रह म्हटले की गोंधळ होतो. ‘सूर्यमालेबाहेरील ग्रह’ हे लांब असले तरी स्वच्छ आहे.

उत्तर : गणित शिक्षक, इचलकरंजी

‘शक्यता’ या शब्दाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण सर्वांत मोठी गल्लत तेथेच होते. दहावीच्या बीजगणितात आपण ‘संभाव्यता’ शिकवतो. ती शून्य ते एक यांमधील संख्या असते. ‘शक्यता’ ही संख्या नव्हे. एखादी गोष्ट निसर्गनियमांच्या विरोधात जात नसेल तर ती शक्य आहे, एवढेच तो शब्द सांगतो. वर्तमानपत्री मराठीतील ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य तर त्याहूनही दुबळे आहे. त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर लिहिणाऱ्याकडे विरुद्ध पुरावा नाही, इतकेच त्यातून कळते. वाचणारा मात्र ते ‘बहुधा आहेच’ असे वाचतो.

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये मांडलेले समीकरण येथे उपयोगी पडते. आपल्या आकाशगंगेत संदेश पाठवू शकणारे समाज किती असतील, हे काढण्यासाठी त्यांनी सात घटकांचा गुणाकार केला : दरवर्षी जन्मणारे तारे, त्यांपैकी ग्रह असलेले, त्या ग्रहांपैकी सजीवांना अनुकूल असलेले, त्यांपैकी ज्यांवर सजीव खरोखर उत्पन्न झाले ते, आणि पुढे बुद्धी, तंत्रज्ञान व अशा समाजाचे आयुर्मान. १९६१ मध्ये सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा एकही ग्रह निश्चितपणे माहीत नव्हता. १९९५ मध्ये मिशेल मायॉर आणि दिदिए केलो यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला आणि २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरील निश्चित ग्रहांची एकूण संख्या ६,००० च्या पुढे गेली. पहिले घटक आता अंदाजाने नव्हे तर निरीक्षणाने कळू लागले आहेत, आणि ही फार मोठी प्रगती आहे.

परंतु चौथ्या घटकासाठी आपल्याजवळ एकच उदाहरण आहे, ते म्हणजे पृथ्वी. एका उदाहरणावरून गुणोत्तर काढता येत नाही. आकाशगंगेत निदान १०० अब्ज तारे आहेत म्हणून सजीव कोठेतरी असलेच पाहिजेत, हा युक्तिवाद मुले वर्गात नेहमी करतात. त्यावर मी त्यांना विचारतो की १०० अब्जाला अज्ञात संख्येने गुणले तर उत्तर काय येईल? तो अज्ञात घटक दहात एक असेल किंवा शंभर अब्जांतही एक नसेल. म्हणून ‘शक्यता आहे’ असे अवश्य लिहावे, पण ‘दाट शक्यता आहे’ असे लिहिताना त्या ‘दाट’मागे कोणती संख्या आहे हे स्वतःला विचारावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. एक गोष्ट अजून सुटत नाही. वातावरणातील वायू किंवा खडकातील खनिज यांना काय म्हणावे? काही कात्रणांत ‘संकेत’ आहे, काहींत ‘पुरावा’, तर काहींत ‘जीवखूण’.

उत्तर : निवृत्त मराठी प्राध्यापक, राजारामपुरी

‘संकेत’ या शब्दात दोन पक्षांनी आधी ठरवलेली गोष्ट किंवा कोणीतरी हेतूने केलेली सूचना ध्वनित होते. वायू कोणाला काही सुचवत नाही. ‘खूण’ हेतूविना राहू शकते, जशी ओल्या मातीत पावलाची खूण राहते, आणि ती पाहणाऱ्याला ओळखावी लागते. त्यामुळे ‘जीवखूण’ मला सर्वांत योग्य वाटतो. ‘पुरावा’ हा शब्द मात्र पुष्कळ तपासण्यांनंतर वापरायचा आहे. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये यासाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली : पहिल्या पायरीवर काहीतरी आढळते, दुसरीवर ती उपकरणाची किंवा पृथ्वीवरून गेलेल्या घाणीची करामत नाही याची खात्री केली जाते, चौथीवर निर्जीव प्रक्रियांतून ते घडू शकत नाही हे दाखवावे लागते, आणि सातवीपर्यंत स्वतंत्र निरीक्षणांनी दुजोरा मिळावा लागतो.

के२-१८ बी हा ग्रह आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचा एक वायू असल्याचे केंब्रिजच्या गटाने २०२५ मध्ये मांडले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील वनस्पतिप्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून, येतो. इतर गटांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा त्यांना तो वायू असल्याचे पुरेसे समर्थन मिळाले नाही, आणि सजीव नसलेल्या एका धूमकेतूवरही तो आढळल्याचे दिसून आले. म्हणजे हे प्रकरण पहिल्याच पायरीवर वादात आहे आणि त्याला ‘वादग्रस्त जीवखूण’ म्हणणे न्याय्य होईल.

मंगळावरील जेझेरो विवरात पर्सिव्हिअरन्स बग्गीला जुलै २०२४ मध्ये सापडलेल्या ठिपकेदार खडकाची गोष्ट अधिक भक्कम आहे. त्यातील लोह, फॉस्फरस आणि गंधकयुक्त खनिजांची मांडणी पृथ्वीवर अनेकदा सूक्ष्मजीवांच्या क्रियेतून होते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तिला ‘संभाव्य जीवखूण’ या अर्थाचाच शब्द वापरलेला आहे. येथे काळाकडेही लक्ष द्यावे : हे सजीव असलेच तर ते अब्जावधी वर्षांपूर्वीचे असतील, म्हणून ‘मंगळावर सजीव असू शकतात’ असे न लिहिता ‘मंगळावर एके काळी सूक्ष्मजीव असावेत का’ असे लिहावे. त्या खडकाचा नमुना नळीत बंद करून मंगळावरच ठेवलेला आहे, आणि तो पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तपासला जाईपर्यंत मुलींनी ‘संभाव्य’ हे विशेषण गाळू नये.