स्वस्तातला इम्पोर्टेड सर्फबोर्ड बडोद्यात बसून घ्यावा का?

रावपुरेकर
ऑफिसखालच्या टपरीवर हा वाद इतका चाललाय की म्हटलं इथेच टाकतो, काय ते होऊन जाऊ दे. चीन-थायलंडवरून येणारे स्वस्तातले सर्फबोर्ड घ्यावेत का? माझं म्हणणं, बिनधास्त घ्यावेत. गोव्याला नाहीतर मंगळुरूजवळच्या मुल्कीला जाऊन चार धडे घेतलेला प्रत्येक माणूस परत आला की तीच टेप लावतो, "चायनीज घेऊ नको रे, पॉपआऊट असतात, साच्यातून काढलेले, हाताने घडवलेल्या बोर्डाची मजाच वेगळी". अरे पण मला कुठे स्पर्धेत उतरायचंय! फेसाळ पाण्यात पोटावर पडायचं, उठून उभं राहायचं, परत पडायचं, एवढंच करायचंय, त्याला शेपरने, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने, हाताने घासलेला बोर्ड कशाला लागतो. आणि ज्यांना ब्रँडचा फार माज आहे त्यांनी हेही ऐकून ठेवा, थायलंडमधली कोब्रा ही एकटी कंपनी कितीतरी नावाजलेल्या ब्रँडना बोर्ड बनवून देत आलीये. कारखाना तोच, स्टिकर तेवढा वेगळा. २००५ च्या डिसेंबरमधे अमेरिकेतली बोर्डाच्या आतला फोम बनवणारी क्लार्क फोम कंपनी एका दिवसात बंद झाली, तिथले बहुतेक शेपर तिच्याच फोमवर जगत होते, सगळ्यांची पळापळ झाली आणि तेव्हापासून आशियातून बनून येणारा माल वाढतच गेलाय. तिकडे कॉस्टकोच्या दुकानात वेव्हस्टॉर्म नावाचा आठ फुटी मऊ बोर्ड शंभर डॉलरच्या आसपास मिळायचा, ढिगाने लोक त्यावर शिकले. मग आपणच का पन्नास-साठ हजार घालवायचे? बोला.

रेझिनवाला
कारखाना तोच हे खरं, पण कारखाना गिऱ्हाईक सांगेल तसं बनवतो हे विसरलास भाई. मी मकरपुरा जीआयडीसीत एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या कामात आहे, एकाच शेडमधून एकाला जाड थरांची टाकी जाते आणि भाव पाडून मागणाऱ्याला पातळ थरांची, बाहेरून जेलकोटचा तुकतुकीत थर मारला की दोन्ही सारख्याच दिसतात. बोर्डाचंही तेच आहे. वरच्या बाजूला जिथे पाय पडतात तिथे फायबरग्लास कापडाचे दोन थर लागतात, चार औंसाचे दोन किंवा सहाचा एक आणि चारचा एक. स्वस्तात एकच थर देतात आणि वर झकास डिझाईन. थोडे दिवस वापरला की टाचांच्या जागी खळगे. बोर्ड हातात आला की पहिल्यांदा अंगठ्याने डेक, म्हणजे वरची बाजू, दाबून बघ, दबला तर तिथूनच परत दे. मग फिनचा, म्हणजे खालच्या पंखाचा, बॉक्स बघ, नुसता फोममधे बसवून चिकटवलाय की वरून कापड घेतलंय. दगडाला लागला की आधी तोच उखडतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

आता मोठी गोष्ट. हे स्वस्तातले "एपॉक्सी" बोर्ड आतून ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोल. एकदा तडा गेला की दाण्यादाण्याच्या मधून पाणी फिरतं, उन्हात ठेवून ठेवून लवकर सुकत नाही. मग माणूस काय करतो, जवळच्या एफआरपीवाल्याकडे नेतो, तो बिचारा टाकीला लावतो तेच पॉलिएस्टर रेझिन ओततो. त्यातलं स्टायरिन थर्माकोल खातं! टीव्हीच्या खोक्यातला एखादा पांढरा तुकडा घे, दोन थेंब टाक, डोळ्यांदेखत भोक पडतं. ईपीएसला एपॉक्सीच लागतं, आणि ते महाग. जुन्या पद्धतीचा पॉलियुरेथेन फोमचा बोर्ड असेल तर पॉलिएस्टर आरामात चालतं, तो इथे मकरपुऱ्यातसुद्धा कोणीही नीट करून देईल. म्हणजे घेताना स्वस्त आणि फुटल्यावर महाग, असा मामला आहे.

रावपुरेकर
दादा मी कडक बोर्डाचं बोलतच नाहीये की. सॉफ्टटॉप म्हणतोय, वर मऊ फोम आणि खाली प्लॅस्टिकची तुकतुकीत शीट. त्याला तडा जायला काचेचा थरच कुठे आहे बाहेर?

रेझिनवाला
मग आधी तसं लिही ना, मी एवढं टाईप केलं. सॉफ्टटॉप शिकायला चांगला, वादच नाही. पण त्यातही खालची शीट एकदा वाकून चुणी पडली की पडली, ती निघत नाही, आणि वरचा फोम कडेने सुटायला लागतो. फिन स्क्रूने आरपार कसलेले असतात, ते ढिले झाले की तिथून पाणी. जोर लावून कसायचे नाहीत आणि दर वेळी पाण्यात जायच्या आधी बघायचे.

मांडवीकर
मला एक कळत नाही, सगळे रेझिन नि थर मोजतायत, बडोद्याला समुद्र कुठे आहे हे कोणी विचारेल का? जवळचं म्हणजे खंभातचं आखात. भावनगरकडे मोठ्या भरतीला पाणी दहा मीटरच्या आसपास वर-खाली होतं, ओहोटीला नुसता चिखल आणि ओढ अशी की पोहणाऱ्यानेही जाऊ नये. डुमस, तीथल फिरायला ठीक, भजी खायला उत्तम, शिकण्याजोगी स्वच्छ लाट तिथे नाही. म्हणजे गोवा नाहीतर त्याच्या खाली. आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर शिकणाऱ्याने उतरायचंच नाही, जून ते सप्टेंबर शाळाही बंद असतात. उरले कोणते दिवस? दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे. नोकरी करणारा माणूस त्यातले किती दिवस पाण्यात असणार!

आता बोर्ड घरी आणायचा हिशोब कर. आठ फुटी बोर्डाचं खोकं साधारण २५० बाय ६० बाय १५ सेंटिमीटर. कुरिअरवाले वजन काट्यावर बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००, म्हणजे ४५ किलो. बोर्ड प्रत्यक्षात सहा-सात किलोचा आणि तू पैसे भरणार पंचेचाळीसचे, वर कस्टम ड्युटी, वर आयजीएसटी, आणि मधे कोणी आपटला तर रडत बस. शंभर डॉलरचा बोर्ड शंभर डॉलरला तिथे दुकानात मिळतो रे, रावपुऱ्यात नाही.

पुढे न्यायचा कसा? मरुसागर एक्स्प्रेस बडोद्यावरून थेट मडगावला जाते, कबूल, पण रेल्वेच्या नियमात डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे. आठ फुटी ऐवज ब्रेकव्हॅनमधे बुक करावा लागणार, आणि पार्सलवाले कसे फेकतात ते स्टेशनवर उभं राहून बघ एकदा. त्यापेक्षा तिथे जाऊन भाड्याने घे, वापर, पाणी निथळू दे, परत कर, घरी ये. शिकवणारा बरोबर असतो तो वेगळाच फायदा.

दांडियाबझारची मावशी
मांडवीकरांचं बरोबर आहे पण भाड्याचंही एक आहे, माझी भाची मंगळुरूला असते, तिच्याबरोबर मी आणि माझा मुलगा गेलो होतो, सुट्टीच्या दिवसात सकाळी सातला गेलं तरी चांगले बोर्ड आधीच गेलेले, उरलेले जड झालेले, पाणी प्यायलेले. मुलगा हिरमुसला. ज्याचं जाणं-येणं आहे, किनाऱ्याजवळ नातेवाईक आहेत, ठेवायला जागा आहे, त्याने आपला सॉफ्टटॉप घ्यावा असं मला वाटतं, फक्त तो तिकडेच ठेवायचा.

एक मात्र सांगते, स्वस्त बोर्डाबरोबर जी पायाला बांधायची दोरी येते ना, लीश, ती पहिल्याच दिवशी बाजूला काढून चांगली घ्या. भाचीच्या ओळखीच्या एका मुलाची तुटली, आणि बोर्ड लाटेबरोबर सरळ काठावर खेळणाऱ्या पोरांकडे गेला. मऊ होता म्हणून निभावलं. बोर्डात पैसे वाचवा, दोरीत नको.

रावपुरेकर
मावशी थँक्यू, कोणीतरी माझ्या बाजूने बोललं. मांडवीकर, तुमचा हिशोब एकट्याने एकच पीस मागवायचा आहे. आता इथलेच विक्रेते कंटेनरने मागवतात, ड्युटी वगैरे किमतीत धरलेली असते, मला वीस हजाराच्या आत भाव मिळालाय. भाड्याने तासाला पाचशे-सातशे जातात, बायको, मी आणि मेव्हणा तिघे, सकाळ-संध्याकाळ. तुम्हीच भागाकार करा. आणि दुसरं म्हणजे भाड्याच्या बोर्डावर तास संपायची घाई असते, अर्धं लक्ष घड्याळात. आपला असेल तर लाट नसताना नुसतं पोटावर पडून पॅडलिंग, म्हणजे हाताने पाणी मारत पुढे जाणं, करता येतं. शिकताना निम्म्याहून जास्त दमछाक तिथेच होते, उभं राहणं नंतर.

मांडवीकर
तिघांत एक बोर्ड म्हणजे दोघे काठावर. भागाकार मी केला. 😄

रेझिनवाला
कंटेनरने आलेल्यात एक बघून घे, माल किती दिवस गोडाऊनमधे पडलाय आणि कसा. पत्र्याच्या शेडमधे आपल्याकडचा मे महिना म्हणजे विचारू नको. ईपीएसमधली हवा गरम होऊन फुगते आणि वरचा थर सुटून फोड येतो. म्हणून तर चांगल्या एपॉक्सी बोर्डाला हवा जायला छोटासा व्हेंट ठेवतात, स्वस्तात तो कधी नसतो, कधी नुसता दिखाव्याचा स्क्रू असतो. घरी आणलास तर गच्चीवर टाकू नको, आणि उत्तरायणाच्या दिवशी तर अजिबात नको, कोणीतरी फिरकी घेऊन त्यावर चढणारच. जमिनीवर ठेवून वर उभं राहिलं की फिन आणि बॉक्स दोन्ही जातात. आतल्या खोलीत, फिन काढून, आडवा.

माझं विचारशील तर तिसराच रस्ता आहे. मुल्कीला मंत्र सर्फ क्लब २००४ पासून चालू आहे, जॅक हेबनर, ज्यांना सर्फिंग स्वामी म्हणायचे, त्यांनी सुरू केलेला. त्यानंतर त्या पट्ट्यात, गोव्यात, तिकडे महाबलीपुरम-कोवलमला कितीतरी शाळा निघाल्या. या लोकांकडे जुने बोर्ड असतात. मे संपता संपता, पावसाळ्याच्या तोंडावर विचारून बघ, विकायचा आहे का. त्यांनी वर्षभर रगडलेला असतो, जो सुटायचा तो सुटलेला दिसतोच, काही लपत नाही. उचलून बघ, त्याच मापाच्या दुसऱ्यापेक्षा जड लागला की पाणी प्यायलाय, सोडून दे. नव्या स्वस्त कडक बोर्डापेक्षा मी डोळे झाकून तो घेईन.

दांडियाबझारची मावशी
डोळे झाकून नको हो, तुम्हीच आत्ता अंगठ्याने दाबून बघा म्हणालात.

रावपुरेकर
😂 बरं, जुना मिळाला तर जुना, नाहीतर दिवाळीच्या आधी नवा सॉफ्टटॉप, कडक बोर्डाचा विषय मी सोडला. माझं वजन ८२ किलो. विकणारा सात फुटी घ्या म्हणतोय, गाडीवर बांधायला सोपा पडेल म्हणे. चालेल?

रेझिनवाला
त्याला तोच खपवायचाय. ८२ किलोला शिकताना आठ फुटीच, आणि लांबीपेक्षा लिटर, म्हणजे बोर्डाचं आकारमान, विचार, ८० ते ८५ लिटर हवेत. सात फुटी बारीक बोर्डावर तू नुसता बुडत बसशील आणि मग म्हणशील इम्पोर्टेड माल खराब. बांधताना पट्ट्याखाली जुना टॉवेल घाल, आणि उन्हात गाडी लावून जेवायला बसायचं असेल तर वर पांढरी चादर टाक. बॅग घेतलीस तर चांदीच्या रंगाची घे, काळी नको.

मांडवीकर
भाड्याच्या बोर्डाला बॅग लागत नाही.