प्रति: गावातलं देणं पावतीवर दिसत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की खेड्यातले लोक संस्थांना काही देत नाहीत, सगळा पैसा शहरातून येतो. पैशापुरतं मान्य. पण आमच्याकडे देणं पायलीनं मोजतात. तुरी निघाल्या की सप्ताहासाठी घरोघरून डाळ, गहू, गुळाची भेली येते. ज्याच्याकडे काहीच नाही तो पंगतीत वाढायला उभा राहतो. हे कोणत्या पावतीवर चढवणार?

गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. लोकांच्याच पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. आमचं मात्र उलटं: भंडाऱ्याची वर्गणी एका सांजेत जमते, वाचनालयाच्या छपराच्या टिनांसाठी दोन उन्हाळे फिरलो. (एका पुढाऱ्यानं शंभर रुपये दिले, तेही फोटो काढून!)

करसवलतीचं विचारलं होतं त्यांच्यासाठी: देणगीवर आयकरात मिळणारी, ८०जी म्हणतात ती सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. २,००० रुपयांच्या वरची देणगी रोख दिली तर मिळत नाही, चेकनं किंवा ऑनलाइन द्या. धान्य, कपडे दिले तर त्यावर नाहीच. तुरीचं कट्टं देणाऱ्याला तसंही काय, शेतीच्या उत्पन्नावर आयकर कुठे आहे?