शब्दचर्चा: ‘प्रोटॉन लीक’ला गळती म्हणायचं की पाझर?

रत्नागिरीहून

मी इथे अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. पुढे बीएस्सीला जाणाऱ्या मुलांसाठी पेशीतल्या ऊर्जेवर मराठीत टिपणं काढतेय आणि एकाच शब्दावर चार दिवस अडकलेय. टिपणात मी प्रोटॉन लीकला ‘गळती’ लिहिलं होतं, तर एका मुलीने उत्तरात लिहिलं की तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) आतल्या पटलाला गळती लागली की पेशी आजारी पडते. तिची चूक नाही, शब्दच तसा आहे. मिरगात कौलं सरकली की घरभर पातेली मांडावी लागतात, त्या घरातली पोर गळती वाचून बिघाडच समजणार ना. पण हा लीक बिघाड नाहीये. धडधाकट माणसाच्या पेशीत तो चोवीस तास चालू असतो.

ज्यांचा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अन्नातले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात, ही इलेक्ट्रॉन वहन साखळी. त्या वाटेवर जी ऊर्जा सुटते तिच्यावर साखळीतले पंप प्रोटॉनना आतल्या पटलाच्या पलीकडे ढकलतात. पटल जेमतेम ५-६ नॅनोमीटर जाड आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये दीडशेच्या वर मिलीव्होल्टचा फरक, म्हणजे पलीकडे प्रोटॉन दाटलेले आणि परत यायला बघतायत. एटीपी सिंथेज या प्रथिनातून परत आले की ते प्रथिन चाकासारखं फिरतं आणि एडीपीचं एटीपी होतं, पेशी आपल्या कामांना जी ऊर्जा वापरते ती ह्या एटीपीत बांधलेली असते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा फारसं कुणी मानायला तयार नव्हतं, १९७८ मध्ये त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं. आता काही प्रोटॉन चाक न फिरवताच पटलातून परत झिरपतात, ऊर्जा उष्णता होऊन जाते, एटीपी होत नाही. हा प्रोटॉन लीक. उंदरांवरच्या मोजमापांत विश्रांतीतल्या ऑक्सिजन खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा ह्यातच जातो असं दिसलंय, म्हणजे किरकोळ गोष्ट नाही.

दुसरी पंचाईत अशी की इंग्रजीत इलेक्ट्रॉन लीकही आहे. साखळीतून एखादा इलेक्ट्रॉन शेवटापर्यंत न जाता मध्येच ऑक्सिजनला चिकटतो आणि सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप, तयार होतं. ही गोष्ट पूर्ण वेगळी पण मराठीत दोन्हीला गळतीच लिहिलं जातं. सुचवा काहीतरी.

देवगडहून

मॅडम, लीकच्या आधी ‘श्वसन’ शब्दाचं बघा, कारण मला वाटतं अर्धा घोटाळा तिथेच आहे. आमच्या घरी हापूसची अढी असते. पेंढ्यात आंबा घातला की चार-पाच दिवसांनी आत हात घालून बघायचं, ऊब लागते, आजी त्या उबेवरून सांगायची कधी उलथायची ते. कॉलेजात गेल्यावर कळलं की ती ऊब आंब्याच्या श्वसनाची, पिकताना त्याचं श्वसन एकदम चढतं. हे घरी सांगितलं तर वडील म्हणाले आंब्याला नाक कुठाय. शाळेच्या पुस्तकात श्वासोच्छ्वास वेगळा आणि पेशीश्वसन वेगळं असं दिलेलं असतं, पण बोलताना सगळे दोन्हीला श्वसनच म्हणतात. टिपणात प्रत्येक वेळी ‘पेशीश्वसन’ पूर्ण लिहा, जागा गेली तरी चालेल.

रत्नागिरीहून

हे लगेच मान्य. आणि अढीचं उदाहरण घेतेय, आमच्या मुलांना ते हातालाच माहितीय. अढीची ऊब सगळी प्रोटॉन लीकची नाही हे मात्र लिहावं लागेल. पेशीश्वसनात जी ऊर्जा एटीपीत बांधली जात नाही ती सगळी उष्णताच होते, लीक हा त्यातला एक भाग. शिवाय वनस्पतींमध्ये एक आडवाट असते, अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) इलेक्ट्रॉनना पुढचे दोन पंप टाळून थेट ऑक्सिजनकडे नेतं, तिथे प्रोटॉन ढकललेच जात नाहीत. आंब्यात हे विकर सापडलंय. आणि सुरणाचं फूल उमलताना गरम होतं आणि कुजकट वास सुटतो तो ह्याच आडवाटेचा प्रताप, उबेने वास लांब जातो आणि किडे येतात. ह्या विकरासाठी मी ‘आडवाट’च ठेवतेय, त्यावर वाद नको.

दापोलीहून

गळतीला ‘पाझर’ करा. पाझर म्हटलं की भगदाड डोळ्यापुढे येत नाही, पाणी दमादमाने झिरपतंय असं येतं आणि पटलातून नेमकं तेच होतं. पाझर तलाव आपण मुद्दाम बांधतो, पाणी जमिनीत मुरावं म्हणून, तिथे पाझर हाच उद्देश असतो. कातळाला पाझर फुटला म्हणतात तेव्हाही कुणी तक्रार करत नसतं. आणि इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ‘सांड’ म्हणा, वाढताना भात पानाबाहेर सांडतो तसा इलेक्ट्रॉन वाटेत सांडला. एक पाझर, एक सांड, मुलांचा गोंधळ होणार नाही.

राजापूरहून

पाझर शब्द चांगला आहे पण आमच्या बाजूला खारजमिनीच्या बांधाला पाझर लागला म्हटलं की लोक रात्री कंदील घेऊन धावतात, कारण आधी पाझर मग खेकड्याचं बीळ मग खांड पडणार आणि खारं पाणी भातात. म्हणजे पाझरही सगळीकडे निरुपद्रवी नाही. तरी गळतीपेक्षा बरा, कारण किती पाझर चालेल आणि किती नाही हा हिशेब त्या शब्दात आहे, गळतीत नाही. बांधावरून अजून एक शब्द देतो, उघाडी. बांधाला जी झडप असते, गरजेप्रमाणे उघडायची, भरतीला मिटायची. तुमच्या विषयात असं काही आहे का जे पाझरासारखंच काम करतं पण मुद्दाम उघडलं जातं?

चिपळूणहून

मी डॉक्टर आहे, ह्याचं उत्तर मी देतो. आहे. तान्ह्या बाळाच्या मानेशी, खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. बाळाला नीट कुडकुडता येत नाही म्हणून थंडी वाजली की ह्या चरबीतलं यूसीपी-१ नावाचं प्रथिन प्रोटॉनना परत यायला वाट करून देतं, एटीपी न होता नुसती ऊब होते आणि बाळ तगतं. ही तुमची उघाडी, हा शब्द मला फार आवडला.

पण खरी अडचण लीकपेक्षा ‘अनकपल्ड’ ह्या शब्दाची आहे, म्हणजे अन्न जळणं आणि एटीपी होणं यांची जोडणी सुटलेली. मराठीत अयुग्मित, वियुग्मित असं लिहितात आणि त्यातून काही म्हणजे काहीच बोध होत नाही. इंग्रजीतही आता त्याचे प्रकार पाडलेत. शरीराच्या आपल्या चालीत थोडी जोडणी सैल असते ते अनकपल्ड, रोगाने किंवा इजेने बिघडते ते डिसकपल्ड, प्रयोगात औषध घालून आपण पूर्ण तोडतो ते नॉनकपल्ड. औषधाने तोडणं माणसांवरही होऊन गेलंय. डायनायट्रोफिनॉल, डीएनपी. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते हाताळणारे कामगार वाळत गेले, तापले, काही मेले. तरी १९३३ नंतर अमेरिकेत तेच वजन कमी करायच्या गोळ्या म्हणून विकलं गेलं, अन्न भराभर जळतं, ऑक्सिजन भरपूर खर्च होतो, एटीपी कमी, बाकी उष्णता. लोकांना मोतीबिंदू झाले, माणसं ताप चढून दगावली, १९३८ मध्ये तिथे ते बंद केलं. ह्या तापाला नेहमीच्या तापाची गोळी लागू पडत नाही. इंटरनेटवर आजही ते मिळतं म्हणून मुद्दाम लिहितोय, जिममधल्या पोरांपर्यंत पोचवा. आणि सांगा, ह्या तीन अवस्थांना ‘अयुग्मित’ हा एकच शब्द कसा पुरणार?

गुहागरहून

डॉक्टर, माझं वय ७६, विज्ञान माझा विषय नाही पण शब्द आहे माझ्याकडे. सांगड. आपण ‘सांगड घालणे’ नुसतं वाक्प्रचार म्हणून वापरतो पण सांगड ही वस्तू आहे. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावरून माणसं, जनावरं, सामान खाडीपार न्यायचं, ती सांगड. पूल झाले आणि ती गेली. दोन होड्या वेगळ्याच असतात, बांधल्या म्हणून एक चालली की दुसरी चालते. तुमचं तेच दिसतंय, एकीकडे जळण, एकीकडे एटीपी, दोन्हीची सांगड. मग घट्ट सांगड, सैल सांगड, बिघडलेली सांगड, सोडवलेली सांगड, हवं तेवढं बोलता येतं आणि कुणाला कोश उघडावा लागत नाही.

चिपळूणहून

काका, नमस्कार तुम्हाला. सैल सांगड, बिघडलेली सांगड, सोडवलेली सांगड, माझे तिन्ही प्रकार बसले. सोडवलेली हे विशेष चांगलं कारण त्यात कुणीतरी मुद्दाम सोडवली हे येतं, डीएनपीने तेच होतं. १९४८ मध्ये लूमिस आणि लिपमन या संशोधकांनी दाखवलं की डीएनपी ऑक्सिडेशन थांबवत नाही, ऑक्सिडेशन (जळण) आणि फॉस्फोरिलेशन (एडीपीचं एटीपी होणं) यांच्यातला दुवा तोडतं. जळण चालूच, दोर सुटला.

मालवणहून

मी माशांच्या तंतुकणिकांचा ऑक्सिजन खर्च मोजतो, इलेक्ट्रोड लावून, तर मोजणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी घाला. एक म्हणजे जुन्या पेपरांत मोजतानाच्या अवस्थांना (इंधन आहे की नाही, एडीपी आहे की नाही) नुसते आकडे आहेत, स्टेट १ ते ५, चान्स आणि विल्यम्स या संशोधकांनी १९५५ मध्ये दिलेले. त्यांच्या स्टेट २ मध्ये एडीपी आहे पण इंधन नाही. आज कितीतरी पेपरांत स्टेट २ म्हणजे इंधन आहे पण एडीपी नाही, बरोबर उलट! मी स्वतः ह्यात एक महिना घालवलाय, दोन पेपरांचे आकडे शेजारी ठेवून जुळत का नाहीत म्हणून, आणि शेवटी कळलं की दोघांचा २ वेगळा. म्हणून २०२० मध्ये सहाशेहून जास्त संशोधकांनी मिळून शब्दांची मांडणी केली तेव्हा आकड्यांऐवजी अर्थ सांगणारी नावं पुढे आणली. मराठीत तरी आकडे आणूच नका, जे आहे ते लिहा, ‘इंधन आहे, एडीपी नाही’.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या मांडणीत लीक हे अवस्थेचंही नाव आहे आणि इंग्रजीत ते सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, प्रोटॉन लीक मात्र स्मॉलमध्ये. देवनागरीत कॅपिटल नाही! तेव्हा दोन्हीला पाझर लिहिलंत की संपलं. अवस्था अशी की एटीपी सिंथेजचं काम बंद, तरी साखळी थोडी चालू राहते आणि ऑक्सिजन खर्च होतो, कारण जे परत झिरपलं ते भरून काढायचं असतं. मी मोजतो तो ऑक्सिजन, झिरपणारे प्रोटॉन मला दिसत नाहीत. त्या ऑक्सिजनच्या आकड्याला प्रोटॉन पाझर म्हणणं चुकीचं आहे कारण भरपाईत बाकीचंही थोडं मिसळलेलं असतं, साखळीत सांडलेले इलेक्ट्रॉन धरून.

गुहागरहून

आमच्या आगरात रहाट होता, बैल फिरायचा, लोट्यांनी पाणी वर यायचं, टाक्यात पडायचं, टाक्यातून पाटाने माडा-पोफळींना. पाट बंद केला तरी टाकं भरलेलं ठेवायला अधूनमधून रहाट फिरवावाच लागे कारण टाकं पाझरायचं. मालवणचे म्हणतात ते हेच ना? पाट बंद असताना बैलाचे फेरे मोजायचे.

मालवणहून

हेच काका, अगदी हेच. पाट म्हणजे एटीपीची वाट, बैलाचे फेरे म्हणजे ऑक्सिजन. माझ्या विद्यार्थ्यांना मी इतकं सोपं कधी सांगू शकलो नव्हतो.

रत्नागिरीहून

मग त्या अवस्थेला मी ‘भरपाईचं पेशीश्वसन’ लिहिते. प्रोटॉनचा पाझर, इलेक्ट्रॉनची सांड आणि ऑक्सिजन मोजला की भरपाई, तीन गोष्टींना तीन शब्द. कपलिंगला सांगड, युग्मन फक्त परीक्षेपुरतं एकदा सांगणार. यूसीपी-१ ला उघाडी, पण हे नाव नव्हे उपमा आहे असं स्पष्ट लिहून, कारण त्या प्रथिनाला बांधाच्या झडपेसारखं दार नसतं.

प्रोटॉन मोटिव्ह फोर्सवर, म्हणजे पलीकडे दाटलेल्या प्रोटॉनना परत आणणाऱ्या जोरावर, मी वेळ घालवत नाही. विश्वकोशात फोर्सला प्रेरणा आहे, शाळेत बल आहे, मुलांना बल माहितीय म्हणून ‘प्रोटॉन चालक बल’. हे बल न्यूटनमध्ये नाही, मिलीव्होल्टमध्ये मोजतात, तेवढी एक ओळ घातली की झालं.

एकच उरलं. स्लिप. पंपातून इलेक्ट्रॉन जातो, ऑक्सिजन खर्च होतो पण पंप त्या खेपेला प्रोटॉन पलीकडे टाकतच नाही. पाझरात प्रोटॉन पलीकडे जाऊन पटलातून परत येतो, इथे गेलाच नाही. मी ‘घसरण’ लिहिलं होतं पण त्यात काहीतरी खाली पडलं असं वाटतं.

गुहागरहून

लोटा फुटका असला की रहाट फिरतो, बैल दमतो, लोटा वर येतो तो रिकामा. आम्ही म्हणायचो, रिता फेरा गेला.

रत्नागिरीहून

रिता फेरा. लिहिलं, काका.