काका श्रावणापासून दारू आणि झोपेच्या गोळ्या एकदम सोडणार म्हणतात. सल्ला हवा आहे.

पुतणी_सातारा
सख्ख्या काकांसाठी विचारतेय. वय ५४. रोज दोन क्वार्टर देशी, आणि सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी एक घोट. शिवाय झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ च्या दोन गोळ्या, चार वर्षं झाली, ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळतात. गटारी झाली की श्रावणापासून दोन्ही बंद, असं त्यांनीच ठरवलंय. काकू म्हणतात, गावातले डॉक्टर रोज एक सलाईन लावतील. तेवढं पुरेल का? शिवाय एक नातेवाईक भाजीत गुपचूप मिसळायची पावडर आणून देतो म्हणतात. ती द्यावी का?

वॉर्ड_सिस्टर
ताई, सलाईन पुरणार नाही. काकांनी स्वतःहून ठरवलंय ही फार मोठी गोष्ट आहे, पण "एकदम बंद" हा बेत आधी थांबवा. दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने पोटात रोज सुमारे १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत, याचा अर्थ मेंदूला त्याची सवय झाली आहे. अशा माणसाची दारू तोडली की ६ ते १२ तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. खरी फसगत दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होते. "निघाला यातून" म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि त्याच रात्री माणूस असंबद्ध बडबडतो, अंथरुणावरचे नसलेले किडे झटकतो, ताप चढतो, घरच्यांना ओळखत नाही. पुष्कळ घरांत याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. हा डिलिरियम आहे, उपचार झाले नाहीत तर जीव जातो.

सलाईनबद्दल: रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, खूप कमी असतं. त्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळणं असा वेर्निकेचा आजार होऊ शकतो, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान सोबत. अशा पोटात गोळीतून ते नीट शोषलं जात नाही, त्यामुळे सुरुवातीला गोळीवर भागवू नका.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत दारू अचानक तोडू नका. घरच्यांना हे पटणं अवघड जातं, पण तोपर्यंत हेच सुरक्षित. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, १०८ ला फोन करा.

औषधवाला
गोळ्यांकडे दुर्लक्ष नको. अल्प्राझोलाम आणि दारू मेंदूत साधारण एकाच जागी काम करतात, त्यामुळे दोन्ही एका दिवशी तोडली की फिटचा धोका वाढतो. दोन्ही एकत्र घेतली तर झोपेत श्वास मंदावण्याची भीती. साधारण क्रम असा: आधी भरती करून दारू सोडवायची. त्या काळात लिब्रियम किंवा डायझेपाम, म्हणजे अल्प्राझोलामच्याच गटातली औषधं, ठरलेल्या मात्रेत देऊन काही दिवसांत उतरवतात. यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम, म्हणून यकृताची रक्ततपासणी आधी. रात्रीची गोळी त्यानंतर, सावकाश. दर २ ते ४ आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्के कमी, म्हणजे महिन्यांचं काम. अल्प्राझोलाम रक्तातून लवकर उतरतं, म्हणून डॉक्टर कधी ते डायझेपामवर वळवून मग कमी करतात. "आजपासून अर्धी" हा घरगुती उपाय बहुतेक वेळा दोन-तीन रात्रींत फसतो. झोप उडते, छाती धडधडते आणि माणूस पुन्हा दोन गोळ्यांवर येतो. ही गोळी एच-१ यादीतली आहे. चिठ्ठी आणि नोंदवहीतली नोंद याशिवाय विकता येत नाही, त्या मेडिकलला काकूंनी स्पष्ट सांगावं.

शांता_मावशी
पावडर अजिबात नको गं बाळा. त्या पुडीत बऱ्याचदा डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असतं, आणि नसलं तर काय असतं हे कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही. डायसल्फिराम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. ज्याला ते पोटात गेलं हे ठाऊकच नाही तो पिणारच. शिवाय कधीतरी कळतंच, मग तो माणूस घरचं जेवण विश्वासाने खात नाही. डॉक्टर देतात ते रुग्णाच्या संमतीने, शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, हे बजावून.

पुतणी_सातारा
मनापासून आभार. पावडरला नाही म्हणून सांगितलं. पण काका भरती व्हायला तयार नाहीत, घरीच सोडतो म्हणतात. केंद्र कुठलं पाहावं?

वॉर्ड_सिस्टर
घरी सोडवता येते, पण पूर्वी फिट आलेली नाही, चोवीस तास कुणी सोबत आहे, औषधाचा डबा काकूंच्या हातात आहे आणि डॉक्टर रोज बघतात, एवढं असेल तरच. काकांची मात्रा आणि वर गोळ्या पाहता मी घरी सोडवणार नाही. त्यांना "दोन महिने केंद्रात" असं सांगू नका. "आठ-दहा दिवस दवाखान्यात, अंगातला कंप जाईपर्यंत" एवढंच सांगा, बहुतेकांना ते जमतं.

तुमच्या साताऱ्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. दुसरं कुठलं केंद्र पाहिलंत तर आधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात का, रात्री फिट आली तर कुठे हलवता, घरच्यांना भेटू देता का. बांधून ठेवणाऱ्या किंवा रात्री गाडीतून उचलून नेणाऱ्या केंद्राच्या दारात उभं राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधण्याला बंदी आहे.

औषधवाला
आणखी एक. काकांचा श्रावणाचा संकल्प मोडू नका, तारखा जुळवा. गटारीच्या आधीच्या आठवड्यात भरती केलं तर श्रावणाच्या पहिल्या दिवशी ते खरोखर दारूशिवाय असतील. भाद्रपद उजाडायच्या आत पुन्हा दारूकडे वळू नयेत यासाठीची पुढची औषधं ठरलेली हवीत. नाल्ट्रेक्सोन ५० मिग्रॅ रोज एक, पण ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर नाही. नाहीतर अकॅम्प्रोसेट, दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या, किडनी तपासून. महिनाभर सुटलेल्या माणसाची पचवण्याची ताकद घटलेली असते. गणपतीत कुणी आग्रह केला आणि जुन्या अंदाजाने दोन क्वार्टर घेतल्या, वर रात्रीची गोळी, तर तीच रात्र धोक्याची.

काकूंना अल-अनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या आधारगटाच्या, सभेला पाठवा. ती घरच्यांसाठी असते, पैसे लागत नाहीत. आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या, शेवटची दारू कधी आणि किती घेतली ते कागदावर लिहून.